पोटलं कुठं पडलं?

दिवाळी झाली की आमचा पाडा रिकामा व्हायचा. म्हातारी माणसं, शाळेत जाणारी दोन-चार पोरं आणि कोंबड्या तेवढ्या मागे राहायच्या. बाकी सगळे गुजरातमध्ये ऊसतोडीला. माझे आईबाबाही जायचे आणि मी काकूकडे राहून खांडबाऱ्याच्या शाळेत जायचे. शाळा पायी तासाभराची, पण रेल्वे मात्र आमच्या घरामागूनच जाते. गाडी दिसते, ऐकू येते, दारात उभ्या माणसांची तोंडं ओळखू येतात. थांबत मात्र नाही. थांबते ती पुढे खांडबाऱ्याला.

म्हणून आमच्याकडे एक रीत होती. तोडीहून परतणारी माणसं आपलं पोटलं चालत्या पॅसेंजरमधून पाड्यापाशीच खाली सोडायची. तांदूळ, गूळ, तेलाचा डबा, नवी भांडी, सगळा पावसाळ्याचा आधार एका गोधडीत बांधलेला. ते ओझं खांडबाऱ्याला उतरवून पुन्हा डोक्यावर घेऊन मागे कोण चालत येणार? रुळांच्या कडेला एक महूचं, म्हणजे मोहाचं, झाड आहे. गाडीचं दार त्या झाडासमोर आलं की पोटलं सोडायचं. सोडायचं म्हणजे नुसतं सोडायचं, फेकायचं नाही. ते सरळ खाली पडत नाही, गाडीबरोबर थोडं पुढं जातं आणि महूच्या पुढच्या गवताळ उतारावर लोळत येतं. तिथं घरचं कोणीतरी उभं असायचं. आमच्या घरचं म्हणजे मी.

बाबांचा हात यात नावाजलेला. डब्यातले बाकीचे लोकही आपली पोटली त्यांच्याच हातून सोडवून घ्यायचे.

मी दहावी झाले त्या उन्हाळ्यात परतीच्या दिवशी पॅसेंजर रद्द झाली. बाबांचा फोन आला, "दुसरी गाडी मिळालीय, तिनं येतो. तू उतारावर थांब." पॅसेंजर आमच्या आधीच्या लहान स्टेशनावर थांबून निघायची, म्हणून पाड्यापाशी ती अजून रांगतच असायची. ही एक्सप्रेस तिथं थांबत नव्हती. ती आली तीच धडधडत. दारात बाबा दिसले. महूपाशी त्यांनी पोटलं सोडलं, अगदी दरवर्षीसारखं, आणि ते माझ्या डोळ्यांसमोरून पुढं निघून गेलं. उतार ओलांडून नाल्यावरच्या मोरीच्या दगडी कठड्यावर आपटलं आणि फुटलं.

तेलाचा डबा फाटला. भांडी चेपली. तांदूळ रुळांच्या खडीत सांडला. आई-बाबा खांडबाऱ्याहून चालत आले, तेव्हापासून अंधार पडेपर्यंत आई सूप घेऊन खडीतला तांदूळ निवडत बसली होती. तेलात भिजलेला, धुळीनं काळा झालेला तांदूळ. बाबा शेजारी उभे होते.

तो पावसाळा आम्ही नागलीवर आणि रानभाज्यांवर काढला. पाड्यानं बाबांना नवीन नाव दिलं, एक्सप्रेस. "काय एक्सप्रेस, आज कुठं थांबणार?" असं कोणीही विचारायचं. बाबा खाली मान घालून जायचे. आणि घरात ठरलं की येत्या दिवाळीनंतर सुमीनंही, म्हणजे मीही, गुजरातला चलायचं. मी पडावावर, तोडणाऱ्यांच्या खोपटांच्या तळावर, स्वयंपाक करीन, तीन वर्षांच्या विकेशला सांभाळीन, म्हणजे आईला पूर्ण दिवस तोडीला जाता येईल. अकरावी विज्ञानाला नाव घातलं होतं. ते दिवाळीपर्यंत.

हे एवढं सांगितल्याशिवाय मला सुपडू सर सांगता येत नाहीत.

सर आम्हाला भौतिकशास्त्र शिकवायचे. आडनाव पाटील, पण शाळेत पाटील बरेच, म्हणून सगळे नावानंच ओळखायचे. गाव म्हसावद. घरची बागायती शेती भाऊ बघायचा. सर खांडबाऱ्याला खोली करून राहायचे आणि शनिवारी दुपारी पिशवी घेऊन गावाकडे निघायचे. बारीक अंग, पांढरा हाफ शर्ट. शर्टाचा खिसा कायम लोंबलेला, कारण त्यात ट्रॅक्टरचे दोन लोखंडी नट असायचे. सर व्हरांड्यातून येताना आधी नटांचा आवाज यायचा, मग सर.

पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सर, सुपडू म्हणजे काय?"

सर रागावले नाहीत. सपाटीवरच्या गावांत आधीची मुलं जगली नसली, तर पुढच्या बाळाला जन्मल्याबरोबर सुपात घालून ओढायची रीत आहे, ती त्यांनी सांगितली. "मन्हा पहिले दोन भाऊ जगनात नही. मंग मायनी मले सूपमा टाकं नि अंगनभर वढं." मग छापील मराठीत पुढं म्हणाले, "घरचे म्हणतात, म्हणून मी वाचलो. भौतिकशास्त्र म्हणतं, मला जन्मतःच आडवा वेग मिळाला." आणि एकटेच हसले. आम्हाला तो विनोद कळायला पुढे तीन महिने लागले.

शिकवताना ते पुस्तकासारखं मराठी बोलायचे. आनंद झाला की अहिराणी सुरू. आमच्या घरी आदिवासींची कोकणी बोली, आम्हाला अहिराणी अर्धीमुर्धी कळायची. पण सर अहिराणीत शिरले म्हणजे काहीतरी खास आलंय एवढं नक्की कळायचं, म्हणून आम्ही पेन खाली ठेवून बघत बसायचो.

ते दोन नट म्हणजे त्यांची प्रयोगशाळा. एक टेबलाच्या कडेला ठेवायचे, दुसरा तेवढ्याच उंचीवर हातात धरायचे. टेबलावरच्याला टिचकी मारून आडवा उडवायचा आणि त्याच क्षणी हातातला सोडायचा.

"डोळे मिटा. किती आवाज आले?"

"एक, सर!"

"एकच. आडवा जाणारा नट असं म्हणतो का, की मी जरा घाईत आहे, मी नंतर पडतो? पडायचं काम वेगळं, पुढं जायचं काम वेगळं. दोन्ही एकाच वेळी चालू. एकामुळे दुसरं थांबत नाही."

हे ते दर तासाला करायचे. धडा कोणताही असो, विजेचा असो की उष्णतेचा, शेवटी नट पडायचेच. आमच्या वर्गाची पुढची फरशी त्यानं टवके उडून खवल्यांसारखी झाली होती. मुख्याध्यापक दारातून म्हणायचे, "सर, फरशी!" सर म्हणायचे, "गोणपाट टाकलं तर आवाज येणार नाही, साहेब." मुख्याध्यापक पुढच्या वर्गाकडे वळायचे.

त्यांना एकच वाक्य सहन व्हायचं नाही. वर अवकाशात गुरुत्वाकर्षण नसतं, हे. कोणी तसं म्हणालं की नटांवर हात जायचा. "उभा ऱ्हा भो. नसतं ना वर? मग चांद कोणी धरून ठेवलाय? तुझ्या मामानं?"

गणपतीनंतर शाळेत विज्ञान प्रदर्शन झालं. पाहुणे म्हणून तालुक्यातले एक पुढारी आले होते. खिशातून कागद काढून ते वाचू लागले, "अवकाशात गुरुत्वाकर्षण नसल्यामुळे आपले अंतराळवीर यानामध्ये तरंगत असतात..." आमचं सगळ्यांचं लक्ष सरांकडे. सर उठलेच. मुख्याध्यापकांनी त्यांचा शर्ट मागून ओढला, नट वाजले, पण सर बसले नाहीत.

"साहेब, एक शंका होती."

"बोला मास्तर."

"तिथं ओढ नसती तर ते यान पृथ्वीभोवती वळलं कशाला असतं? सरळ निघून गेलं असतं. इथं आपल्याला जेवढं ओढतं ना, तिथं त्याहून थोडंसंच कमी ओढतं."

पुढाऱ्यांनी कागद उलटून पाहिला. "मास्तर, मी तर फक्त वाचतोय. लिहून तुमच्याच शाळेनं दिलंय."

आमच्या मराठीच्या मॅडम खुर्चीखाली काहीतरी पडल्यासारखं शोधायला लागल्या. मंडपात हशा. पण त्या माणसाला खरंच कुतूहल वाटलं असावं. "मग तरंगतात कशामुळं?" त्यांनी विचारलं.

"पडतात म्हणून."

"पडतात?"

"सारखे पडत असतात, साहेब. यानही पडतं, आतला माणूसही पडतो, दोघं बरोबरीनं. पायाखाली काही टेकतच नाही, तर वजन कळणार कसं?"

पुढारी माइक जवळ घेऊन म्हणाले, "म्हणजे निवडणूक हरल्यावर आमचं होतं तसं."

त्यानंतर बरेच दिवस मुख्याध्यापक सरांशी फक्त शिपायामार्फत बोलत होते.

मग आला तो तास. दिवाळी जवळ आली होती, मी मनातल्या मनात वर्ग सोडलाच होता. सर विचारत होते, "चालत्या वाहनातून वस्तू सोडली तर कुठं पडते? कोणी बघितलंय?"

दिलीप आमच्याच पाड्यातला. तो बसल्या जागेवरून ओरडला, "सर, हिच्या बापाला विचारा. एक्सप्रेसला!"

पाड्याकडची पोरं हसली, बाकीच्यांना कारण कळलं नाही तरी तीही हसली. मी बाकाकडे बघत राहिले. सर हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला.

"काय पडलं?"

"पोटलं, सर. तोडीवरून आणलेलं."

"पोटलं कुठं पडलं?"

दिलीपला हे अपेक्षित नव्हतं. "मोरीवर, सर."

"सोडलं कुठं होतं?"

"महूपाशी. सगळे तिथंच सोडतात."

"आणि पॅसेंजरमधून सोडलेलं कुठं पडतं?"

"उतारावर. अलीकडं."

"म्हंजे तुमना गावमा हाई दर साल व्हस?"

"हो, सर."

"अन् मले आजलोंग कोणी सांगं नही!" सरांना खरोखर वाईट वाटलं होतं. इतकी वर्षं ते फरशी फोडत होते आणि इथं तासाभराच्या वाटेवर अख्खा पाडा तोच प्रयोग रेल्वेवर करत होता. तास सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. मला वाटलं समजूत घालतील. ते म्हणाले, "वडील संध्याकाळी घरी असतात का?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर मोटारसायकल रस्त्यावर ठेवून पाड्यात चालत आले. बाबा अंगणात कोयत्याची मूठ घट्ट करत बसले होते. मास्तरांना बघून ते उठून उभे राहिले, माझ्याकडे बघितलं, हिनं काय केलं म्हणून. सरांनी रामराम केला आणि सरळ विचारलं, "दादा, ते पोटलं नेमकं कुठं सोडलं होतं तुम्ही?"

बाबांचा चेहरा उतरला. "तुम्हीपण हसायलाच आलात का, सर?"

"नाही, दादा. मोजायला आलोय."

दोघं रुळांच्या खालून पायवाटेनं गेले. बाबांनी लांबूनच हात करून महू दाखवली, उतार दाखवला, मोरी दाखवली. सर लांब टांगा टाकत अंतर मोजत होते आणि मागून पाड्यातली पोरं त्यांच्यासारख्याच टांगा टाकत होती. मग दोघं अंगणात परत आले. सरांनी काडीनं मातीत एक सरळ रेघ ओढली, ती गाडी, आणि खाली वाकत जाणारी दुसरी.

"दारापासून जमिनीपर्यंत पडायला पोटल्याला जेवढा वेळ लागतो, तेवढाच लागतो. गाडी हळू असो की जोरात. पण त्या वेळात जोराची गाडी त्याला जास्त पुढं नेते. म्हणून मोरी." मग बाबांकडे बघून म्हणाले, "हात चुकला नाही तुमचा. झाड चुकलं. या गाडीला अलीकडचं झाड धरायला हवं होतं."

बाबा म्हणाले, "अलीकडं पळस आहे."

"मग पळस."

बाबा त्या रेघेकडे किती तरी वेळ बघत होते. उन्हाळ्यापासून त्यांना कोणी एवढं सरळ काही सांगितलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "आणखी जोरात गेली असती तर?"

माझ्या मते सर उभा जन्म या प्रश्नाची वाट बघत होते.

"तर खांडबाऱ्याला पडलं असतं. आणखी जोरात, तर नंदुरबारला. आणखी, तर भुसावळच्या पुढं. आणि दादा, पुढं पुढं जमीनच वाकत जाते. पृथ्वी गोल आहे. पोटलं जेवढं खाली येतं, तेवढीच जमीन त्याच्याखालून वाकते. मग ते पडतच राहतं, पण त्याला जमीन लागत नाही. फिरून तुमच्या महूपाशी मागच्या बाजूनं परत येतं आणि पुन्हा पुढं जातं. इथं खाली हवा अडवते, डोंगर आडवे येतात. म्हणून लोक ते हवेच्याही वर नेऊन सोडतात. त्यालाच कक्षा म्हणतात. दुसरं काही नाही."

आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "मग ते पोटलं सोडवून खायचं कधी?"

सर एवढे हसले की काडी हातातून पडली. "यालाच म्हणतात प्रश्न, वहिनी!"

बाबा हसले नाहीत. ते अजून रेघेतच होते. "आत माणूस असला तर त्यालाही असंच पडावं लागत असेल," ते म्हणाले. "लाकडांचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून उडी मारली की हवेत असेपर्यंत भारा जड लागत नाही. पाय टेकले की मग मानेत बसतो."

"तेच शे! तेच शे, दादा! त्यासना पाय टेकतसच नहीत!" सर उठून उभेच राहिले. आता अख्ख्या अंगणाला कळलं की काहीतरी खास झालंय.

कोरा चहा झाला. सर निघाले. माझ्याबद्दल एक शब्द त्यांनी काढला नव्हता, ते खरंच पोटल्यासाठी आले होते. तेव्हा आई म्हणाली, "सर, दिवाळीनंतर हिचं नाव कमी करा. आम्ही नेतोय तिला."

सर थांबले. त्यांना हे माहीत नव्हतं. "का?"

आईनं सांगितलं. तांदूळ, तेल, भांडी, विकेश. सगळं शांतपणे सांगितलं, तक्रार म्हणून नाही.

भौतिकशास्त्राच्या बाहेर सरांना फारसं बोलता यायचं नाही. मोठी माणसं अशा वेळी जे बोलतात, शिक्षणाचं महत्त्व वगैरे, ते त्यांना येतच नसावं. ते खिशातले नट चाचपत उभे राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "धडा अर्धा झालाय, वहिनी."

मग बाबा बोलले. "ती माझ्या चुकीपायी यायची होती," ते आईला म्हणाले. "हात चुकला नाही म्हणतात सर. मोजून बघितलं त्यांनी. मग झाडाची चूक पोरीनं कशाला भरायची?"

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. ती फुगेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "विकेशला मी पाठीशी बांधून नेईन. ही एवढी होती तेव्हा हिला नेलीच होती ना."

झालं ते एवढंच. फार काही सोपं झालं असं मी म्हणणार नाही. त्या थंडीत आईनं तीन वर्षांचं पोर उसाच्या बांधावर बसवून ऊस तोडला. माझ्या अकरावीचं ओझं तिनं तिकडं उचललं होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि सरांनाही. दर सोमवारी हजेरी घेताना माझ्या नावापाशी ते जरा थांबून विचारायचे, "विकेश कसा शे?"

वर्गात दुसऱ्याच दिवसापासून भाऱ्याचं उदाहरण आलं. "हे सुमित्राच्या वडिलांनी सांगितलं," असं नाव घेऊन. दिलीपनं ते वहीत उतरवून घेतलं. पाड्यात एक्सप्रेस हे नाव गेलं नाही, पण हाक मारणाऱ्यांचा सूर बदलला. लोक गाडीत बसण्याआधी बाबांना विचारायला लागले, या गाडीला कोणतं झाड धरायचं?

सरांची आणखी एक सवय. मोबाइलवर बघून ते आम्हाला कधीकधी दिवेलागणीला मैदानात बोलवायचे. अंतराळस्थानक आमच्या आभाळातून जाणार असायचं. पश्चिमेकडून एक ठळक ठिपका निघायचा, न लुकलुकता, आवाज न करता, वर चढायचा आणि पूर्वेकडे जाता जाता मध्येच सावलीत शिरून विझायचा. आत माणसं आहेत हे आम्हाला पटायला वेळ लागायचा. सर मात्र बोट वर नाही, खाली करायचे. तर्जनी जमिनीकडे, पडतंय ते दाखवत. "पडी ऱ्हायनं, दखा! पडी ऱ्हायनं!"

संक्रांतीच्या सुमारास असंच जमलो होतो. सर मला म्हणाले, "सुमे, घरी फोन लाव. त्यांच्याकडूनही दिसेल." बाबा पडावावर होते. मागे आईचा आणि विकेशच्या रडण्याचा आवाज येत होता.

"बाबा, पश्चिमेला बघा. दिसतंय?"

"थांब." मग बराच वेळ नुसता श्वास. "दिसलं. हां, दिसलं. तुमच्याकडं चाललंय."

"आम्हालापण दिसतंय."

दोघंही तोच ठिपका बघत होतो. तो विझल्यावर बाबांनी विचारलं, "सर आहेत का तिथं? विचार त्यांना, यांना खाली उतरायचं असलं तर कोणतं झाड धरतात?"

मी विचारलं. सरांनी फोन माझ्या हातातून घेतला. "दादा, ते खाली ढकलत नाहीत स्वतःला. फक्त आडवा वेग जरासा कमी करतात. तेवढ्यानंच खाली यायला लागतात. आणि झाड म्हणाल तर त्यांचं झाड पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला असतं. तिकडं वेग कमी केला की अर्धी पृथ्वी फिरून इकडं उतरतात."

पलीकडून बाबा म्हणाले, "लईच अलीकडं धरावं लागतं की."

मी बारावी झाले, मग नंदुरबारला बी.एस्सी.ला गेले. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळी परत. सर त्या काळात निवृत्त झाले. निरोपसमारंभात ते नट वाजवून दाखवतील म्हणून मुख्याध्यापकांनी व्यासपीठावर सतरंजी अंथरून ठेवली होती. सरांनी सतरंजीचं टोक उचलून नट पाडले. नंतर ते सुरतेला मुलाकडे राहायला गेले. अधूनमधून फोन यायचा. तब्येतीचं विचारलं तर म्हणायचे, "आडवा वेग कमी होतोय." मी त्याला विनोद समजायचे.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी मी आधी आईच्या पाया पडले, मग सरांना फोन केला. "सर, झाले. भौतिकशास्त्रच घेऊन झाले."

पलीकडून आधी नटांचा आवाज आला. मग सर म्हणाले, "सुमे, रविवारी मी म्हसावदला चाललोय. एक्सप्रेसनं. तुमच्या पाड्यापाशी एक पोटलं सोडतो, उचलून घे."

"सर, ती जोरात असते."

"तेवढं समजतं मला. पळसापाशी सोडीन. तुम्ही महूपाशी थांबा."

रविवारी आम्ही चौघं उताराखाली उभे होतो. बाबा, आई, मी आणि विकेश, जो आता सरांच्या नटांची गोष्ट स्वतः बघितल्यासारखी सांगत असे. गाडीची वेळ झाली. गाडी दिसली, आणि बाबांनी कपाळाला हात लावला. त्या दिवशी पुढं रुळांचं काम चालू होतं. एक्सप्रेस येत होती ती बैलगाडीसारखी.

सर दारात उभे होते. पांढरा हाफ शर्ट, पहिल्यापेक्षा बारीक, एका हातानं दांडी धरलेली. मागून नातवानं त्यांचा शर्ट घट्ट पकडला होता. पळस आला. सरांनी ठरल्याप्रमाणे पोटलं सोडलं. नुसतं सोडलं, फेकलं नाही. आणि ते पळसाच्या पुढं जेमतेम दोन हातांवर, बोरीच्या झुडपात जाऊन बसलं.

गाडी इतकी हळू होती की सर आमच्यासमोरून सावकाश गेले. त्यांनी झुडपाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. बाबा दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "सर, हात चुकला नाही तुमचा!"

"झाड चुकनं!" सर दारातून ओरडले. हसताना त्यांचा सगळा देह हलत होता, मागे नातू घाबरून शर्ट ओढत होता. मग त्यांनी मोकळा हात बाहेर काढला आणि तर्जनी जमिनीकडे केली. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो हात तसाच दिसत होता.

पोटल्यात त्यांची सगळी पुस्तकं होती, गोधडीत नीट गुंडाळून. मधोमध रुमालाच्या गाठीत दोन नट.

सरांना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं. पुढच्या थंडीत सुरतेहून त्यांच्या मुलाचा फोन आला.

आता मी इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवते. माझ्याही वर्गाच्या फरशीचे टवके उडाले आहेत. आई-बाबा तोडीला जात नाहीत. विकेश अकरावीत आहे, विज्ञानाला. आणि मी भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाले. आमच्या घरातली पहिली, आमच्या पाड्यातलीही पहिली.